बिनराळेचा गज

सत्यवतीबाईंना राग आला की त्या गजाला राळ घासतात. मग व्हायोलिन वाजवायचं असो की नसो. हैदराबादेत नल्लकुंट्यातल्या त्यांच्या घरात सकाळी सकाळी खर्र-खर्र सुरू झालं, की मुलगा अनिकेत चहाचा कप उचलून गॅलरीत जातो आणि सून सायली ऑफिसचा फोन आल्यासारखं करते. राळ म्हणजे गजाच्या केसांना लावायची ती पिवळट, ठिसूळ वडी. ती लावली की केस तारेला धरतात आणि तार बोलते. केस धुऊन कोरडे ठेवले तर गज तारेवरून नुसता घसरतो, आवाज म्हणून निघत नाही. एवढं ध्यानात ठेवा, कारण या बाईंच्या आयुष्यातल्या दोन्ही मोठ्या बेइज्जत्या याच वडीवरून झाल्या. पहिल्या वेळी त्या तोंडातून अक्षर काढू शकल्या नव्हत्या.

दुसरी सांगतो आधी. मराठी मंडळाचा रौप्यमहोत्सव होता. मंडळ म्हणजे पुण्या-मुंबईहून आयटीत आलेल्या लोकांचं. उदय त्याचा अध्यक्ष, आणि आपली सायली सांस्कृतिक सचिव. कार्यक्रमाचा शेवट सत्यवतीबाईंच्या वाद्यवृंदानं करायचा असं ठरलेलं. बावीस जणांचा हा वृंद बाईंनी स्वतः जमवलेला, विद्यानगरातल्या एका शाळेच्या हॉलमध्ये दर रविवारी तालीम. बाई त्याच्या लीडर. म्हणजे पहिल्या व्हायोलिनवर त्या बसणार, त्यांनी दिलेल्या षड्जावर सगळ्यांनी तारा लावायच्या आणि त्यांचा गज उठला की बाकीच्यांचा उठणार.

एका रविवारी सायली पोह्यांची बशी घेऊन खोलीत आली. पोह्यांवर खोबरं नेहमीपेक्षा जास्त होतं. बाईंनी तेव्हाच ओळखलं, काहीतरी आहे.

"आई, उदय म्हणत होता..."

"काय म्हणत होता?"

"त्या दिवशी कुणी गजाला राळ लावू नका. केसांना साबण फिरवून कोरडे करून या म्हणाला."

बाईंचा घास हातातच राहिला. सायली एका दमात बोलून गेली, की गेल्या महिन्यात स्टुडिओत केलेलं रेकॉर्डिंग हॉलमध्ये लावणार आहेत. स्टेजवर सगळ्यांनी फक्त गज फिरवायचा. मागच्या पडद्यावर चित्रं आहेत, दिवे आहेत, ते सगळं त्या रेकॉर्डिंगला बांधून ठेवलंय. माइकची भानगड नको. "आणि आई, सगळीकडे आता असंच करतात हो."

"रेकॉर्डिंग आठवणीसाठी आहे म्हणाला होतात तुम्ही."

"हो, म्हणजे तेव्हा तसंच होतं."

"लाव बघू. ऐकव मला."

सायलीनं फोनवर लावलं. आभोगी राग होता. बाई मान खाली घालून ऐकत होत्या. पहिली ओळ गेली, आणि त्यांनी असं वर बघितलं की सायलीनं फोन जवळजवळ खाली टाकला.

आता आभोगीचा गंधार काय चीज आहे ते सांगायला हवं, नाहीतर बाईंचा राग तुम्हाला म्हातारपणाची किरकिर वाटेल. तो गंधार एका जागी उभा राहतच नाही. मध्यमाकडून झोका घेत खाली येतो, रिषभाकडे वाकतो, पुन्हा वर बघतो. त्या झोक्यातच सगळा राग आहे. बाईंच्या वृंदात निम्मे तेलुगू गुरूंकडे शिकलेले, मांडी घालून, व्हायोलिनचं टोक घोट्यावर टेकवून वाजवणारे. त्यांचा झोका मोठा. हिंदुस्थानी शिकलेल्यांचा सावकाश. सिकंदराबादच्या चर्चमध्ये शिकलेले दोघे खुर्चीशिवाय बसत नाहीत, आणि त्यांच्या गंधाराला झोकाच नाही. ह्या सगळ्यांचा एकच गंधार व्हावा म्हणून बाईंनी अख्खा पावसाळा घासला. एकेकाला समोर बसवून, ओरडून, हात धरून, प्रसंगी समोसे खाऊ घालून. आणि एका तालमीला तो जमला. बावीस माणसं एका झोक्यावर खाली आली. जुनी मैत्रीण भामा, दुसऱ्या व्हायोलिनवर बसते, ती पदर डोळ्याला लावून म्हणाली, "अय्यो अक्का, आता मेलं तरी चालतंय."

फोनमधला गंधार सरळ होता. काठीसारखा. कुठे झोका नाही, की वळण नाही.

"हे कुणी केलं?"

"साउंडवाल्यांनी थोडं क्लीन केलं. बरेच सूर हलत होते म्हणाले. सॉफ्टवेअरमध्ये टाकलं की आपोआप जागेवर बसतात." सायलीला अजून कळलं नव्हतं की आपण काय बोलतोय. "छान सुरेल झालंय ना?"

बाईंनी पोह्यांची बशी बाजूला सारली, पेटी उघडली आणि राळ घासायला लागल्या. गॅलरीत अनिकेतनं खुर्ची आणखी पलीकडे सरकवली.

बाईंची राळ घरी केलेली असते, ही त्यांच्या वडिलांची रीत. हिम्मतराव उदगीरकडचे, शेतकऱ्याच्या घरातले. हैदराबादेत कचेरीत कारकून म्हणून चिकटले आणि नल्लकुंट्यात बिऱ्हाड केलं. घरात टाळसुद्धा नव्हता. पण शेजारी रामानुजय्या गारू (गारू म्हणजे आपल्याकडचं 'राव') राहायचे, संध्याकाळी व्हायोलिन वाजवायचे, आणि सात-आठ वर्षांची सत्यवती त्यांच्या दारात जाऊन बसायची. एक दिवस गारूंनी हिम्मतरावांना बोलावून सांगितलं, ह्या मुलीचा कान देवानं सवडीनं केलाय, हिला शिकवू द्या. गावाकडची भावकी खवळली. पोरीला काय तमाशात धाडायचंय का, इथपर्यंत बोलली. हिम्मतरावांनी कुणाला उत्तर दिलं नाही. बेगम बाजारात जाऊन धूप-उदवाल्याच्या दुकानातून राळ आणली, चुलीवर वितळवली, चार थेंब एरंडेल घातलं आणि काडेपेटीच्या खोक्यात ओतून लेकीसाठी वडी केली. बाहेरची वडी तेव्हा शहरात सहज मिळायची नाही. बाई आजही तशीच करतात, फक्त आता गॅसवर.

गारूंकडे कर्नाटकी बैठक झाली, पुढे एका हिंदुस्थानी गुरूंकडे ख्यालाचं अंग. विसाव्या वर्षी त्या शहरातल्या एका वाद्यवृंदात लागल्या. शेवटच्या रांगेत. बाईमाणूस पुढे बसलं की कॅमेऱ्याला बरं दिसतं, म्हणून कधीकधी पुढे आणायचे आणि वाजवायची ओळ आली की मागे धाडायचे. लीडर होते दिगंबर मास्तर. हात बसलेला माणूस, खोटं कशाला बोला, पण वरच्या सप्तकात त्यांची बोटं अडखळायची. टीव्हीच्या दिवाळी कार्यक्रमात एक एकल तुकडा होता, अवघड. मास्तरांना तो जमेना. ते म्हणाले, "सत्यवती, तू वाजव." पोरीचे पाय जमिनीवर राहिले नाहीत. आवाज आधी ध्वनिमुद्रित झाला, सत्यवतीनं एका दमात वाजवला, काचेपलीकडच्या माणसानं अंगठा वर केला.

चार दिवसांनी चित्रीकरण. मेकअपच्या खोलीबाहेर मास्तरांनी सगळ्या मागच्या रांगेचे गज गोळा केले आणि साबण फिरवून परत दिले. चित्रीकरणात खरा आवाज नको म्हणून. दिवे लागले. तुकडा सुरू झाला, आणि मास्तर पुढे सरसावून बसले. डोळे मिटले, मान हलवली आणि सत्यवतीच्या सुरांवर आपला गज फिरवायला लागले. ही मागच्या रांगेत, हातात साबणाचा गज, आणि आपलाच तुकडा दुसऱ्याच्या हातातून निघताना बघतेय! दिवाळीत सगळ्या नल्लकुंट्यानं तो टीव्हीवर पाहिला. शेजारीपाजारी येऊन म्हणाले, काय हात आहे हो तुमच्या मास्तरांचा.

ती रडत वडिलांकडे गेली. राळ करून देणारे तेच हिम्मतराव मान खाली घालून म्हणाले, "गप राहा बाळ. नोकरी आहे. गिळून टाक." आणि तिनं गिळलं. वर्षानुवर्षं गिळलं. मास्तर निवृत्त झाल्यावर तिला लीडर केलं, तेही दुसरं कुणी उरलं नाही म्हणून. थोड्याच वर्षांत तो वृंद बंद पडला. मग तिनं स्वतःचा उभा केला, आणि पहिल्याच तालमीला सांगितलं, इथे जो वाजवेल त्याचाच हात दिसेल.

म्हणून त्या रविवारी राळेचा चुरा मांडीवर पडेपर्यंत बाई घासत होत्या.

संध्याकाळी उदय स्वतः घरी आला, पेढे घेऊन. माणूस गोड बोलणारा. अशा माणसावर ओरडताही येत नाही, आणि तोच तर वैताग.

"काकू, तुमचा त्रास वाचावा म्हणूनच केलंय हो. या वयात एवढ्या लोकांसमोर लाइव्ह वाजवायचं टेन्शन कशाला?"

"या वयात?"

"म्हणजे कुणालाच चूक झाल्यासारखं वाटायला नको."

"माझा गंधार तुम्ही सरळ केलात उदयराव. चूक झालीय, तुमच्याकडून झालीय. ती तशीच हजार लोकांना ऐकवणार, वर आमचे हात नाचवणार."

उदय हसला. "काकू, खरं सांगू? लोकांना नाही कळत हो ते."

बाईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली. लोकांना कळत नाही! मास्तरांनीही मेकअपच्या खोलीबाहेर हेच वाक्य म्हटलं होतं, याच शब्दांत. त्यांनी पेढ्याचा पुडा उचलून उदयच्या हातात परत दिला आणि दार उघडून उभ्या राहिल्या.

उदय गेल्यावर सायली आली. आता तिचाही आवाज चढलेला. "आई, पत्रिका छापल्यात. निवेदन मी करणारे. तुम्ही आयत्या वेळी नाही म्हणालात तर मी तोंडघशी पडेन. सगळे म्हणतील, सासूला सांभाळता येत नाही आणि चालली सचिव व्हायला."

"मी नाही कुठे म्हणाले? येणार मी. बसणार स्टेजवर."

सायलीला हायसं वाटलं. बाईंनी तिचा चेहरा बघितला, क्षणभर वाईटही वाटलं, पण पुढचं काही सांगितलं नाही.

भामाचा फोन आला. "अक्का, मंडळाचा मेसेज आलाय, केसांना साबण लावून या म्हणे. लावू का?"

"लाव की. हाताला लाव आणि धुऊन टाक. गजाला लावलास तर माझ्याइतकी वाईट कुणी नाही. सगळ्यांना सांग. राळ लावून या, आणि मी सांगेपर्यंत कुणी गज उचलायचा नाही."

"आणि त्यांनी टेप सुरू केली तर?"

"करू दे. वाजू दे की त्यांना."

गच्चीबावलीकडचं नवं सभागृह, थंडगार, खुर्च्या भरलेल्या. बाई नारायणपेठ नेसून मध्ये बसल्या, शेजारी भामा, मागे बाकीचे, कडेला खुर्च्यांवर ते चर्चवाले दोघे. सायली आपलं निवेदन टिपायला फोन चालू ठेवून बाजूच्या माइकपाशी उभी राहिली आणि म्हणाली, "आणि आता आपल्या सर्वांच्या लाडक्या..." वगैरे. दिवे मंदावले. पडद्यावर चारमिनार उगवला. आभोगी सुरू झाला.

स्टेजवर एक बोट हललं नाही.

बावीस माणसं व्हायोलिन मांडीवर घेऊन, गज खाली टेकवून बसलेली, आणि हॉलभर व्हायोलिनं वाजतायत. पहिल्या रांगेतल्या लोकांना आधी वाटलं, ही काही नवी पद्धत असेल. मग कुणीतरी हसलं. मग कुजबुज. पडद्यावर चारमिनारच्या जागी हुसेनसागर आला, दिवे निळे झाले, सूर सरळसोट वर चढत राहिले, आणि बाई समोर बघत शांत बसलेल्या. भामाला ओठ चावून चावूनही हसू आवरेना. सायलीचा चेहरा पांढराफटक पडला होता.

उदय वाकत वाकत स्टेजवर आला. "काकू, अहो वाजवा ना! काय करताय?"

बाईंनी सायलीच्या हातातला माइक मागून घेतला. म्हणाल्या, "वाजवतंय कोण, ते बघतेय मी. आम्ही तर हात बांधून बसलोय. तुम्हीही बघा. कोण वाजवतंय हे?"

हॉलमधली कुजबुज थांबली आणि ते रेकॉर्डिंग एकटं, वेड्यासारखं वाजत होतं. कुणीतरी मागून ओरडलं, "बंद करा रे ते!" साउंडवाल्यानं बंद केलं.

बाईंनी माइक परत दिला. पिशवीतून राळेची वडी काढली आणि सगळ्यांसमोर गजाला घासली. नाही म्हटलं तरी सवय. मग षड्ज दिला. तारा जुळल्या. गज उठला, बावीस गज उठले. वाद्यांना माइक नव्हते. मागच्या रांगांतले काही लोक उठून पुढे आले आणि पायऱ्यांवर बसले. मध्यमावरून गंधार खाली आला, झोका घेत, सगळ्यांचा मिळून एकच. पुढे बसलेल्या एका म्हातारबुवांनी "हाय" म्हणून मांडीवर थाप मारली. बाईंना ती ऐकू आली.

टाळ्या पडल्या, पुष्कळ पडल्या. पण परतताना गाडीत सायली खिडकीबाहेर बघत होती. घरी आल्यावर एवढंच म्हणाली, "मला आधी सांगायला हवं होतं तुम्ही."  पुढचे काही दिवस घरात ताट-वाटीपुरतं बोलणं. खोबरं पुन्हा नेहमीइतकं.

मग मंडळाच्या ग्रुपवर कार्यक्रमाचा व्हिडिओ आला. दुपारी जेवणं झाल्यावर बाईंनी फोन नाकाजवळ धरून बघितला. नारायणपेठ, भामा, चर्चवाले. गज वर, गज खाली. सगळं तेच. आणि सूर तो नव्हता. हॉलमधला आवाज काढून मंडळानं त्यावर तेच सॉफ्टवेअरचं रेकॉर्डिंग चिकटवलं होतं. त्यांचा हात झोका घेताना दिसत होता आणि ऐकू येत होती काठी. खाली उदयनं लिहिलं होतं, हॉलमध्ये ध्वनी नीट मुद्रित न झाल्यामुळे स्टुडिओतला जोडला आहे. त्याखाली अंगठे, फुलं, हात जोडलेले.

संपलं. हजार लोकांनी जे ऐकलं ते आठवड्यात विसरतील, आणि हे राहील. मास्तर जाऊन कितीतरी वर्षं झाली होती, आणि आज ते पुन्हा पुढे सरसावून बसले होते. बाईंच्या डोळ्यांत पाणी आलं, रागाचं. एकदा गिळलं, एकदा भर सभेत भांडले, तरी शेवट तोच. त्यांनी पेटी ओढली, वडी काढली आणि घासायला लागल्या. खर्र-खर्र, खर्र-खर्र, केस तुटतील इतक्या जोरानं.

दारात सायली उभी होती. हातात तिचा फोन, त्यात तोच व्हिडिओ. ती पुन्हा पुन्हा मागे नेऊन एकच जागा ऐकत होती.

"आई, हा तुमचा गंधार नाही."

बाईंचा हात थांबला.

"त्या दिवशी हा असा खाली आला होता." सायलीनं हवेत हात हलवून दाखवला. झोका चुकीचाच होता, जरा लवकर वळत होता, पण झोका होता. "मी तिथेच उभी होते. ऐकलाय मी. हा तो नाही."

तिनं तिथेच नंबर लावला. "उदय, तो व्हिडिओ आत्ताच्या आत्ता काढ. ... नाही, मला काही ऐकायचं नाही. माझ्या फोनमध्ये हॉलमधला आवाज आहे, माइकशेजारचा, तो लाव. ... लोकांना कळत नाही? मला कळलं ना! मी लोकच आहे! ... मग सचिव दुसरी शोध, आणि आधी व्हिडिओ काढ!"

तिचा आवाज सगळ्या घरभर चढला होता. गॅलरीतून अनिकेत चहाचा कप घेऊन आत डोकावला आणि उलट्या पावली परत गेला. बाई पलंगावर बसून ऐकत होत्या. त्यांच्यासाठी कुणी भांडलेलं त्यांनी जन्मात कधी ऐकलं नव्हतं. हिम्मतरावसुद्धा कधी भांडले नव्हते.

सायलीचं अजून संपलं नव्हतं. बाईंनी वडी फडक्यात गुंडाळली, पेटीत ठेवली आणि पेटी बंद केली.